अण्णांनी काढून घेतलेला किलो

पितळेचं पारडं रिकामं असताना त्याच्या काठावर नखाने हलकेच टिचकी मारावी, म्हणजे जो नाद उठतो तो देवळातल्या घंटेलाही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. घंटेच्या नादात घोषणा असते, थोडा दिमाखही असतो. पारड्याचा नाद मात्र लाजरा, सांजउन्हासारखा पातळ होत होत कानाच्या कडेवरून ओघळून जाणारा. उल्हासनगरच्या एका चिंचोळ्या गल्लीत, एका बाजूला जीन्सच्या पॅन्टी शिवणारे शिंपी आणि दुसऱ्या बाजूला पापड वाळत घालणारी किशनी अम्मा यांच्या मधोमध, आमच्या अण्णांचं काटेदुरुस्तीचं दुकान होतं. गंजलेलं लोखंड, मशीनचं तेल, चिंचेने घासलेलं पितळ आणि अम्माच्या पापडांतली काळी मिरी या चौघांनी मिळून तिथे जो गंध सिद्ध केला होता, तो आजही कुठून अवचित आला तर मी भर रस्त्यात थबकतो, आणि मागून येणारा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून जातो.

आमचे वडील म्हणजे अण्णा हे तोलाचे वैद्य. वाण्याचा तराजू असो, भंगारवाल्याचा काटा असो की लाकडाच्या वखारीतला राक्षसी वजनकाटा असो, दांडीला कान लावून ते त्याची व्यथा ओळखत. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ वजनाखेरीज दुसरा विषय नाही, त्या घरात परमेश्वराने माझ्यासारखा वजनहीन पुत्र जन्माला घालावा, ही केवढी विधात्याची थट्टा! मी किती बारीक होतो म्हणता? आमच्या अंबरनाथला वालधुनीच्या काठी जे प्राचीन शिवमंदिर आहे, त्याच्या भिंतींवर शिल्पांची नुसती गर्दी आहे. त्या गर्दीत कुठेतरी हाडांचा सापळा झालेला एक शिवगण असायचाच. महाशिवरात्रीच्या जत्रेत आई मला त्या भिंतीपाशी फार वेळ उभं राहू देत नसे. एकदा एका भाविक बाईने माझ्या पायांवर बेलाचं पान वाहिलं होतं. धोब्याच्या दोरीवर माझा सदरा वाळत असला आणि मी त्याच्यामागे उभा राहिलो, तर आई सदऱ्याला हाक मारी. शाळेच्या कबड्डीत मला घेत, ते फक्त एका गुणासाठी : मला पकडायचं कुठे, हेच समोरच्यांना कळत नसे.

आता तुम्ही म्हणाल, बारीक असण्यात एवढं दुःख काय? अहो, दुःख बारीकपणाचं नसतं, दुःख उपदेशाचं असतं! लठ्ठ माणसाला तोंडावर लठ्ठ म्हणायला लोक कचरतात. बारीक माणसाला मात्र वाटेने जाणारा कुणीही थांबवतो आणि त्याच्या आईवडिलांच्या स्वयंपाकघरावर भाष्य करून जातो. ‘खात नाही का रे काही?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की त्या प्रत्येक वेळी एक शेंगदाणा खाल्ला असता, तरी मी पैलवान झालो असतो. आणि मी खात होतो हो! पंगतीला बसलो की वाढपी दोन वेळा माझ्या मागे वाकून बघत, याने जेवण कुठे खाली सोडलंय का म्हणून. अन्न आत जात होतं. पण आत गेल्यावर ते कुठे जात होतं, हे मात्र ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. भाषासुद्धा आमच्या विरुद्ध! शब्दाला वजन हवं, माणसाचं चार लोकांत वजन हवं, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो पासंगालाही पुरत नाही. पासंग म्हणजे तराजूच्या हलक्या पारड्याला बांधायचा तो क्षुद्र खडा. आमच्या अण्णांचं आयुष्य असले खडे काढून फेकण्यात गेलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच बारावी झालो होतो आणि अंबरनाथच्याच एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ कामगारांची भरती निघाली. त्या काळी आमच्या गावात आकाशातल्या ग्रहांपेक्षा कारखान्याच्या भोंग्याला अधिक मान होता. निळा गणवेश घालून, बंद डबा हाताला लटकवून त्या फाटकातून आत जाणारा मुलगा म्हणजे आयुष्याच्या वैतरणीतून पार झालेला जीव! मी लेखी परीक्षेत वरच्या पाचांत आलो. आईने देवापुढे साखर ठेवली. मग आली वैद्यकीय तपासणी. तिथले डॉक्टर म्हणजे जाड भिंगांचे, जाड आवाजाचे गृहस्थ. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, दांडीवरचं सरकतं वजन मागे मागे आणि आणखी मागे नेलं, आणि म्हणाले, ‘त्रेचाळीस. उंची पाच फूट नऊ इंच. बाळ, ही उंची आहे की नुसतं अंतर?’ कंपाउंडर इतका हसला की त्याच्या हातातली शाईची दौत हिंदकळली. किमान अठ्ठेचाळीस किलो हवेत, असा नियम होता. पण डॉक्टर माणूस भला. त्यांनी कागदावर ‘तूर्त अपात्र’ असं लिहिलं आणि सांगितलं, ‘तीन महिने देतो. भरून ये. नाही भरलास तर यादीतला पुढचा मुलगा घेतील.’ तो पुढचा मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या एका मांडीत मी दोनदा मावलो असतो. तो माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसला.

त्या दुपारी मी थेट दुकानात गेलो. अण्णांनी मला आपल्या वजनकाट्यावर उभं केलं. अण्णांचा काटा म्हणजे हरिश्चंद्राचा अवतार. त्याच्यावर माशी बसली तर तिचंही खरं वजन बाहेर पडावं. काटा म्हणाला : बेचाळीस. मी गांगरलो. कारखान्यातून निघून दुकानापर्यंत येईतो एक किलो झडला की काय? अण्णा शांतपणे म्हणाले, ‘तू नाही झडलास. त्यांचा काटा एक किलो जास्त दाखवतो.’ आई रात्री हे ऐकून उजळलीच. ‘म्हणजे आपल्या काट्यावर सत्तेचाळीस झाला तरी पुरे! काटा उदार आहे म्हणायचा!’ अण्णांनी ताटातून मान वर न करता दुरुस्ती केली : ‘उदार नाही. खोटा आहे.’

आणि मग सुरू झाला तो महायज्ञ, ज्यात आहुती घेणारा अग्नी मीच होतो! आई उडदाचे लाडू वळू लागली. त्यांत तूप इतकं, की लाडू हातात धरला तर कोपरापर्यंत ओघळ येई. किशनी अम्मा सकाळी सकाळी डाळ-पकवान घेऊन दुकानाच्या पायरीवर बसे. फाळणीच्या वेळी सिंधमधलं सगळं मागे टाकून आलेली ही बाई; उपाशी पोर दिसलं की तिच्या डोळ्यांत काहीतरी हलत असे. ‘खा पुट, खा. तू खाता है तो जाता किधर है? अंदर कोई भाडेकरू रखा है क्या?’ असं म्हणून ती स्वतःच हसे आणि आणखी एक पकवान माझ्या पुढ्यात सरकवी. कुळगावला मामाची म्हैस होती. मामाने निरोप धाडला, ‘भाच्याला रोज पहाटे पाठवा, धारेखाली बसवतो!’ तालमीतल्या बाळू वस्तादांना कळलं, तेव्हा त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरला, सोडला, आणि आकाशाकडे बघून मारुतीरायाची क्षमा मागितली. मग म्हणाले, ‘ठीक आहे. तीनशे बैठका, दोनशे जोर. उद्यापास्नं.’

अशा रीतीने मी पहाटे उठायचो, सात-आठ किलोमीटर सायकल मारत कुळगावला जायचो, शेरभर धारोष्ण दूध ढोसायचो, तितकीच सायकल मारत परत यायचो, तालमीत तीनशे बैठका काढायचो, आणि मग लाडू खाऊन त्यांचं सार्थक झालं असं समजायचो. आमच्याकडची माणसं अशीच! फुकट गिळलेला घास अंगी लागत नाही, अशी आम्हा सगळ्यांची श्रद्धा. आजारी माणसालासुद्धा आम्ही मऊ भात देतो आणि वर म्हणतो, आता जरा चालून ये. दोन महिने हा यज्ञ अहोरात्र चालला. मामाची म्हैस मला पाहिलं की तोंड फिरवू लागली. आणि दोन महिन्यांनी अण्णांच्या काट्यावर मी उभा राहिलो, तेव्हा काटा म्हणाला : साडेत्रेचाळीस.

त्या संध्याकाळी मी दुकानाच्या मागे, भंगार पारड्यांच्या ढिगाशी बसून रडलो. खोटं कशाला सांगू? अठरा वर्षांचा, पावणेसहा फुटांचा घोडा, पण रडलो. आपलं शरीर आपलंच ऐकत नाही, यासारखा अपमान नाही. बुद्धी वापरून गणित सुटतं, रात्र जागून परीक्षा देता येते. पण या हाडांना मांस चढावं म्हणून विनवणी करायची ती कोणाकडे? अण्णा बाहेर आले. त्यांनी माझी समजूत वगैरे घातली नाही. ते त्यांचं कामच नव्हतं. बिघडलेल्या काट्यापुढे बसावं तसे ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि विचारू लागले. किती वाजता उठतोस? सायकल किती? बैठका किती? झोप किती? सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हौदात पाणी रोज पडतंय. पण खालची तोटी वरच्या नळाहून मोठी आहे. चल.’

जन्मात कधी तालमीची पायरी न चढलेले अण्णा त्या दिवशी चढले. वस्ताद लाल मातीत उभे होते. ‘अण्णा, घाम गाळल्याशिवाय अंग येत नाही,’ वस्ताद छाती काढून म्हणाले. ‘घाम गाळा हो,’ अण्णा म्हणाले, ‘पण पोरगा गाळू नका.’ मग वस्तादच आधी हसले. त्या हसण्याने भिंतीवरचा एक मुद्गर खाली आला असं मी सांगत असतो, आणि अजून कोणी ते खोडून काढलेलं नाही. तह झाला. बैठका बंद. सायकल बंद. उरलेला महिना मी मामाकडेच राहायचं, म्हशीच्या शेजारी. वस्तादांनी दिवसाआड मोजके चार प्रकार नेमून दिले : कमी वेळा, पण जड उचलायचं. आणि जड म्हणजे काय, तर अण्णांनी दुकानातली दोन जुनी, कड्यांची, वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं टेम्पोत घालून कुळगावला पाठवली.

तो महिना! बारवी धरणाकडून वाहत येणारा तो ओलसर, भाताच्या खाचरांचा वास घेतलेला वारा, मामीच्या हातच्या तांदळाच्या भाकरी, दुपारची निर्लज्ज झोप, आणि संध्याकाळी अंगणात ती दोन काळी वजनं. पहिल्या दिवशी एक वजन उचलायला गेलो, तर ते जागचं हललं नाही. मीच त्याच्याभोवती गोल फिरून आलो. मामा ओट्यावरून ओरडला, ‘अरे, तू त्याला उचलतोयस का ते तुला?’ आठव्या दिवशी ते गुडघ्यापर्यंत आलं. पंधराव्या दिवशी कमरेशी. आणि एका संध्याकाळी, अंगणात दिवा लावायच्या वेळी, मी उजवा हात कोपरात दुमडला, आणि त्वचेखाली काहीतरी हललं. बेटकुळी! लिंबाएवढी, कोवळी, लाजरी. चिखलातून बेडकाने नाक वर काढावं तशी वर आली आणि पाहता पाहता परत आत गेली. मी पुन्हा हात दुमडला, ती पुन्हा आली. जगात मोठमोठे शोध लागले असतील. पण स्वतःच्या दंडात स्वतःचा एक नवा अवयव सापडणं, हा आनंद त्या शोधकांना ठाऊक नसावा. मी मामीला दाखवली, म्हशीला दाखवली, रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला थांबवून दाखवली. पोस्टमन म्हणाला, ‘डास चावलाय वाटतं.’ म्हणू देत!

मुदत संपायला नऊ दिवस उरले, तेव्हा मी अण्णांच्या काट्यावर उभा राहिलो. सत्तेचाळीस! आईने माझी दृष्ट काढली, अम्माने मिठाई वाटली. कारखान्याच्या काट्यावर सत्तेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. जागा पक्की! आणि त्याच संध्याकाळी कारखान्याचा शिपाई चिठ्ठी घेऊन दारात उभा. दवाखान्यातला वजनकाटा वर्षाच्या तपासणीसाठी दुरुस्त करून द्यावा, उद्या सकाळी यावं.

मग आई म्हणाली, ‘तब्येत बरी नाही म्हणून कळवा. पुढच्या सोमवारी जा.’ सकाळी अम्मासुद्धा धावत आली : ‘अण्णाजी, एक किलो का तो सवाल है. भगवान भी कभी-कभी आंख बंद करता है.’ अण्णा पिशवीत पाने आणि कानशी भरत होते. म्हणाले, ‘भगवान को फुरसत है, अम्मा. मुझे सुबह दस बजे बुलाया है.’ आणि गेले. दुपारी परत आले, साबणाने हात धुतले, पाटावर बसले. आईने भीत भीत विचारलं, ‘केलात दुरुस्त?’ ‘केला.’ ‘आणि तो किलो?’ ‘काढला.’ आईच्या हातातला डाव पातेल्यात आपटला. ‘पोटच्या पोराचा?’ अण्णा म्हणाले, ‘काट्याला पोरबाळ नसतं.’ आणि त्यांनी आपल्या ताटातला तूपभात माझ्या ताटात सरकवला. ‘आठ दिवस आहेत. जेव.’

मी जेवलो. कशाने जेवलो म्हणाल? रागाने! प्रेमाने भरवलेलं जे अन्न दोन महिने माझ्या अंगाला चिकटत नव्हतं, ते संतापाने गिळल्यावर डिंकासारखं चिकटलं. आठ दिवस मी अण्णांशी एक अक्षर बोललो नाही. तोंड रिकामं असेल तर बोलणार ना! भाकरी त्यांच्या नावाने चावली, वजन त्यांच्या नावाने उचललं. जो बाप गल्लीतल्या एकाही वाण्याला छटाकभर सूट देत नाही, तो मला का देईल, हे मला बुद्धीने कळत होतं. पण अठराव्या वर्षी बुद्धीचं ऐकतं कोण?

तपासणीच्या दिवशी पहाटे मी गुपचूप दुकान उघडून काट्यावर चढलो. पाव किलो कमी! वस्तादांनी सल्ला दिलाच होता. मी चार केळी खाल्ली आणि वर दोन तांबे पाणी प्यायलो. पोटात समुद्र हिंदकळत असलेला मी दवाखान्यात शिरलो, तोच कंपाउंडरने हातात बाटली ठेवली. ‘आधी लघवीचा नमुना. मग वजन.’ अहो, मी खूप आवरलं! पण समुद्राला का कोणी बाटलीभरच थांब असं सांगू शकतं? दोन्ही तांबे वरुणदेवाला परत गेले. उरली ती चार केळी, आणि मी.

डॉक्टरांनी सरकतं वजन अठ्ठेचाळीसच्या खाचेत टाकलं. दांडी खाली गेली. वर आली. खाली गेली. त्या दांडीबरोबर माझी आई, अम्मा, मामा, म्हैस, सगळी खालीवर होत होती. आणि मग ती थांबली. सरळ, आडवी, क्षितिजासारखी. डॉक्टरांनी जाड भिंगांतून एकदा दांडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘काटा नीट आहे ना रे?’ कंपाउंडर म्हणाला, ‘साहेब, मागच्याच आठवड्यात दुरुस्त केलाय. आधी किलोभर जास्त दाखवायचा म्हणे. मिस्त्री सांगून गेलाय, आता डोळे मिटून विश्वास ठेवा.’ आणि त्या क्षणी, आठ दिवस कुलूप लावलेलं माझं तोंड आपोआप उघडलं. ‘तो मिस्त्री माझे वडील,’ मी म्हणालो. इतक्या मोठ्याने, की बाहेर बाकावर बसलेल्या त्या पुढच्या मुलानेही मान वळवली. डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘त्यांना माहीत होतं, तू येणार म्हणून?’ ‘हो.’ डॉक्टरांनी कागदावरचा ‘तूर्त अपात्र’ खोडला आणि एका अक्षरावर दुसरं अक्षर चढू न देता, सावकाश, ‘पात्र’ लिहिलं.

आज मी विचार करतो, तो किलो अण्णांनी राहू दिला असता तर काय झालं असतं? काहीच नाही. जागा मिळाली असती, निळा गणवेश मिळाला असता. फक्त त्या फाटकातून आत जाताना रोज मला वाटलं असतं की माझ्यातला एक किलो माझा नाही. माझी सगळी नोकरी मी पूर्ण वजनाने उभा राहून केली, हे मी छाती पुढे काढून सांगतो. छाती आता पोटाच्या मागे गेली आहे, ही गोष्ट वेगळी!

त्या दुपारी मी धावतच दुकानात गेलो. अण्णा एका भाजीवाल्याच्या तराजूवर वाकले होते. वर न बघता म्हणाले, ‘किती?’ ‘अठ्ठेचाळीस.’ ‘म्हणजे केळी खाल्लीस.’ मग त्यांनी पाना खाली ठेवला, तेलकट हात फडक्याला पुसला, आणि दांडीचा कस बघावा तसा माझा उजवा दंड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला. मी कोपर दुमडलं. बेटकुळी वर आली, आणि त्यांच्या बोटांखाली घट्ट उभी राहिली. अण्णा थोडा वेळ ती तशीच दाबून पाहत राहिले.

‘हं,’ ते म्हणाले. ‘ही खरी आहे.’